पाळलेली कोंबडी दुसऱ्याच्या हाती देताना : अनित्यता आणि आपली जबाबदारी

तळ्याकाठी (धागाकर्ती, सोलापूर)

नमस्कार मंडळी,

पाळलेली कोंबडी दुसऱ्याच्या घरी द्यावी लागणे हा विषय काहींना धागा काढण्याइतका मोठा वाटणार नाही. तरीही गेले काही आठवडे आमच्या घरात दुसरे बोलणे नाही. ज्या धम्माच्या आधाराने आम्ही घरातले मृत्यू सोसले, त्याच धम्माची वचने या वेळी आम्हांला इतक्या घाईने ऐकवली गेली की, ती कशासाठी सांगितली होती हे नीट तपासून पाहावेसे वाटले.

बुधवार पेठेतले आमचे भाड्याचे घर आता पाडले जाणार आहे आणि आम्ही जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहायला जाणार आहोत. तिथे अंगण नाही आणि सोसायटीच्या नियमांत कोंबडी बसत नाही. आमची ठिपकी गावरान आहे, काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेली, तुरा डाव्या डोळ्यावर झुकलेला. ती आमच्याच अंगणात एका खुडूक (अंड्यांवर बसलेल्या) कोंबडीखाली निघाली. तिच्याबरोबरची काही पिल्ले मांजराने नेली, काही मानमोडीच्या रोगात गेली आणि ही एकटी उरली. आईने तिला हाताने कण्या चारून वाढवले. माझी लेक शाळेतून आली की ठिपकी दारापर्यंत धावत येते, आणि दुपारी आई शेंगा फोडायला बसली की तिच्या पदराशी येऊन बसते. अलीकडे ती अंडी जवळजवळ देत नाही, त्यामुळे जो कोणी तिला मागतो तो कशासाठी मागतो, हे उघड असते.

पहिली मागणी पैशांसह आली. गावरान कोंबडीला भाव चांगला मिळतो आणि घर बदलण्याच्या खर्चात तेवढाच हातभार लागला असता. आईने एका वाक्यात नकार दिला. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातल्या वणिज्जा सुत्तात उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे सांगितले आहे, त्यांत शस्त्र, मांस, मद्य आणि विष यांच्याबरोबर प्राण्यांचाही व्यापार येतो. एक कोंबडी विकणे म्हणजे व्यापार नव्हे, असे कोणी म्हणू शकेल. आईचे म्हणणे मात्र असे होते की, जिच्या डोक्यावरून हात फिरवला तिची किंमत घेतली की, पुढे तिचे काय झाले हे विचारण्याचा हक्क आपण विकलेला असतो.

त्यानंतर समजूत घालणारे आले. 'सब्बे सङ्खारा अनिच्चा', सर्व संस्कार अनित्य आहेत, आज ना उद्या ती जाणारच होती, तुम्ही वंदना म्हणणारी माणसे आणि कोंबडीत कशाला अडकता, असे आम्हांला वेगवेगळ्या तोंडांनी सांगितले गेले. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण धम्मपदातल्या २७७ व्या गाथेची ही पहिली ओळ आहे, आणि पुढच्या ओळी हे प्रज्ञेने पाहण्याविषयी आणि विशुद्धीच्या मार्गाविषयी आहेत. कोणाला तरी चटकन मोकळे करण्यासाठी ती गाथा सांगितलेली नाही.

मला जे म्हणायचे आहे ते असे : अनित्यतेची शिकवण वियोग स्वस्त करण्यासाठी वापरली जाते तेव्हा ती अर्धीच वापरली जाते. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांचे, म्हणजे बुद्धांचे, शेवटचे शब्द आहेत, 'वयधम्मा सङ्खारा, अप्पमादेन सम्पादेथ'. संस्कार, म्हणजे घडलेल्या सर्व गोष्टी, नाश पावणारे आहेत हे सांगून ते थांबले नाहीत; गाफील न राहता आपले काम पुरे करा, हे त्याच श्वासात सांगितले. वस्तू टिकणारी नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही, हा निष्कर्ष त्या शब्दांतून निघत नाही. ती टिकणारी नाही म्हणूनच आज, आपल्या हाती आहे तोवर, तिच्याबाबतीत चुकारपणा करायचा नाही, असा निष्कर्ष मात्र निघतो.

त्याच सुत्तात बुद्धांचा शिष्य आनंद याचा प्रसंग आहे. तथागत जाणार हे कळल्यावर आनंद विहारात जाऊन रडत उभा राहतो. तथागत त्याला बोलावून घेतात आणि शोक करू नकोस असे म्हणतात, जे जे प्रिय आहे त्याच्यापासून वियोग अटळ आहे हे मी आधीच सांगितले नव्हते का, असेही विचारतात. मात्र लगेच पुढे, तू दीर्घकाळ मैत्रीने, कायेने, वाचेने आणि मनाने माझी सेवा केलीस, असे म्हणून त्याचा गौरव करतात. रडणाऱ्याला आसक्त ठरवून बाजूला सारलेले नाही. त्याने जी काळजी घेतली तिला पुण्य म्हटले आहे. हा दुसरा भाग आपण समजूत घालताना का गाळतो?

ठिपकी मेलेली नाही. ती धडधाकट आहे आणि आम्हीच तिला देणार आहोत, त्यामुळे मृत्यूच्या वेळी जो एक आधार असतो, की आपल्या हाती काही नव्हते, तो इथे मिळत नाही. असा वियोग ज्यांनी अनुभवला आहे त्यांनी कृपया लिहावे. म्हाताऱ्या कोंबडीला नव्या जागी रुळवण्याविषयी माहिती असेल तर तीही हवी आहे. मोहोळच्या पुढे मावशीची वस्ती आहे आणि तिच्याकडे आठ-दहा कोंबड्या आहेत, असा एक पर्याय सध्या समोर आहे.

---

माळरानी

ताई, आधी कोंबडीचे लिहितो, कारण त्याला वेळ लागतो आणि तुमच्याकडे तो थोडा आहे.

कोंबड्यांच्या कळपात कोण आधी खाणार, कोण कुठे बसणार याची उतरंड ठरलेली असते आणि ती चोचीने ठरते. नॉर्वेचे थोर्लिफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी शंभर वर्षांपूर्वी ही उतरंड पहिल्यांदा पद्धतशीर अभ्यासली, पण खुराड्याशी उठबस असणाऱ्या आपल्या बायकांना ती त्याआधीही माहीत होतीच. नवी कोंबडी एकदम कळपात सोडली तर तिला सगळ्यांत खालची जागा मिळते, आणि ती म्हातारी व एकटी वाढलेली असेल तर तिला दाण्यापर्यंत पोहोचू देत नाहीत. तुमची ठिपकी माणसांत वाढली आहे, तेव्हा तिला हा अनुभव पूर्ण नवा असेल.

म्हणून मावशींना सांगा की, पहिले दोन-तीन आठवडे तिला वेगळ्या जाळीत ठेवावे. जाळी अशा जागी असावी की, बाकीच्या कोंबड्यांना ती दिसेल पण त्यांना तिला टोचता येणार नाही. यामुळे रोगाचीही थोडी खबरदारी होते, कारण तुमच्याकडून तिकडे किंवा तिकडून तुमच्या कोंबडीकडे काही जायचे असेल तर ते त्या काळात लक्षात येते. त्यानंतर तिला रात्री, सगळ्या झोपल्यावर, खुराड्यात बसवावे. अंधारात कोंबडीला फारसे दिसत नाही, त्यामुळे भांडण होत नाही आणि सकाळी ती त्यांच्यातच उठते. थोडे दिवस चोची बसतील. रक्त निघाले तर मात्र लगेच वेगळी करावी, कारण रक्त दिसले की बाकीच्या तिथेच टोचत राहतात.

दुसरी गोष्ट उन्हाची. आपल्याकडे एप्रिलपासून काय होते ते सांगायला नको. कोंबडीला घाम येत नाही; तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते आणि बाहेरचा पारा तिथवर गेला की, चोच उघडी ठेवून धापा टाकणे एवढाच उपाय तिच्याकडे उरतो. तेव्हा न्यायचे ते पहाटे, हवा लागेल अशा पाटीत किंवा जाळीच्या खोक्यात. पिशवीत घालून दुचाकीला लटकवून कोणी नेऊ नये. पोहोचल्यावर आधी पाणी द्यावे, दाणे नंतर.

तुमच्या मुख्य प्रश्नावर मला अधिकाराने काही सांगता येणार नाही. एवढे मात्र सांगतो की, कोंबडी आठ-दहा वर्षेही जगू शकते. अंडी थांबली म्हणजे तिचे आयुष्य संपले हा हिशेब माणसाचा आहे.

---

धम्मवाचक

तळ्याकाठी यांनी आनंदाचा प्रसंग पूर्ण मांडला याबद्दल त्यांचे आभार. त्याला जोडून दोन गोष्टी लिहितो, आणि दोन्ही तुमच्या विषयाला सोडून नाहीत.

पहिली. कोंबडीचा दाखला खुद्द बुद्धवचनात आहे, आणि एकदा नव्हे तर अनेक सुत्तांत आहे. अंगुत्तर निकायातल्या भावना सुत्तात म्हटले आहे की, कोंबडीची आठ, दहा किंवा बारा अंडी असावीत, पण ती त्यांवर नीट बसली नसेल, त्यांना ऊब दिली नसेल, तर 'माझी पिल्ले नखाने किंवा चोचीने कवच फोडून सुखरूप बाहेर यावीत' अशी इच्छा तिने कितीही केली तरी ती येणार नाहीत. उलट ती नीट बसली असेल, तर अशी इच्छा तिच्या मनात आली नाही तरी पिल्ले बाहेर येतील. साधकाला तिथे सांगितले आहे की, मुक्तीची इच्छा करून भागत नाही, भावना, म्हणजे मनाचा सराव, करावी लागते. ज्याने खुडूक कोंबडी एकवीस दिवस बसलेली पाहिली आहे, जेमतेम दाण्यापाण्यापुरती उठणारी, पिसे फुलवून पुन्हा तिथेच येणारी, त्याला हा दाखला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. विनयपिटकाच्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथाच्या, सुरुवातीला, वेरंजा येथील ब्राह्मणाशी बोलताना, तथागतांनी स्वतःला अविद्येचे कवच सर्वांत आधी फोडून बाहेर आलेल्या पिल्लाची उपमा दिली आहे. ज्या परंपरेच्या शास्त्याने स्वतःसाठी कोंबडीच्या पिल्लाची उपमा निवडली, त्या परंपरेत कोंबडीविषयीचे दुःख क्षुद्र ठरवण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरी गोष्ट बाबासाहेबांची. त्यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, जो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, अनित्यतेची तीन अंगे सांगितली आहेत : संयुक्त वस्तूंची अनित्यता, व्यक्तिगत प्राण्याची अनित्यता आणि प्रतीत्यसमुत्पन्न (कारणांवर अवलंबून उत्पन्न होणाऱ्या) वस्तूंच्या स्वभावाची अनित्यता. दुसऱ्या अंगाविषयी ते सांगतात की, प्राणी सतत बदलत असतो, एका क्षणी जो असतो तो दुसऱ्या क्षणी तोच नसतो. आपण मृत्यूपुरती अनित्यता लक्षात ठेवतो आणि ही रोजची अनित्यता विसरतो. तुमच्या लेकीमागे धावणारे पिल्लू केव्हाच राहिले नाही, त्याच्या जागी तलंग आली, तिच्या जागी अंड्यावरची कोंबडी आणि आता ही म्हातारी. त्या प्रत्येक बदलाला तुम्ही निरोप दिला, फक्त तो निरोप आहे हे कळले नाही, कारण पुढची ठिपकी समोरच होती.

त्याच प्रकरणात आणखी एक विचार आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. वस्तूंच्या अनित्यतेवरच इतर सर्व गोष्टींची शक्यता अवलंबून आहे, असे तिथे म्हटले आहे. सर्व काही कायम राहिले असते तर अंड्यातून पिल्लू झालेच नसते.

---

स्पष्टवक्ता

क्षमा असावी, पण माझे मत वेगळे आहे आणि ते मी प्रामाणिकपणे मांडतो. या शहरात दर रविवारी किती कोंबड्या कापल्या जातात याचा विचार करा. आपल्यापैकी बहुतेक जण त्या खातात. एका ठिपकीसाठी सुत्ते उद्धृत करायची आणि बाकीच्यांसाठी रस्सा करायचा, यात मला विसंगती दिसते. जिला नाव दिले तिच्यासाठी करुणा आणि जिला दिले नाही तिच्यासाठी नाही, याला मैत्री म्हणता येईल का?

---

तळ्याकाठी

स्पष्टवक्ता, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि तो टाळण्यासारखा नाही.

आमच्या घरी मांसाहार होतो. बाबासाहेबांनी अहिंसेविषयी लिहिताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धांनी भेद केला असे म्हटले आहे, आणि अहिंसेला आंधळा नियम न मानता जीवनाचे तत्त्व म्हणून पाहिले आहे. मी त्या भेदाचा आधार घेऊ शकते, पण प्रामाणिकपणे पाहिले तर आमच्या ताटातल्या प्रत्येक कोंबडीमागे गरज होती असे मला म्हणता येत नाही. ठिपकीच्या निमित्ताने आईने आता कोंबडी खाणे सोडले आहे. मी अजून सोडलेले नाही आणि त्यावर माझा विचार चालू आहे.

मात्र तुमच्या म्हणण्यातून निघणारा दुसरा अर्थ मला मान्य नाही, की सर्वांविषयी सारखे वाटत नसेल तर एकीविषयीही वाटू नये. मेत्त सुत्तात, आई आपल्या एकुलत्या एका मुलाचे जिवापाड रक्षण करते, तसे अपरिमित मन सर्व प्राण्यांविषयी वाढवावे, असे सांगितले आहे. तिथे सुरुवात एका नात्यापासून आहे, विस्तार नंतरचा आहे. 'सर्वांना दंडाचे भय वाटते, सर्वांना मृत्यूचे भय वाटते' ही धम्मपदातली गाथा मी लहानपणापासून म्हणते. घार अंगणावरून फिरली की ठिपकी ज्या तऱ्हेने मान वाकडी करून एका डोळ्याने आभाळाकडे पाहते आणि तुळईखाली धाव घेते, ते पाहिल्यानंतर त्या गाथेतल्या 'सर्वांना' या शब्दात कोण कोण येते, हे मला दिसले. ते एका कोंबडीमुळे दिसले. शेकडो कोंबड्यांच्या विचाराने ते दिसले नव्हते.

---

घरकुलची लेक

मी विडी घरकुलात वाढले. आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि आमची अम्मा सुपात तंबाखू घेऊन विड्या वळायची. आमच्या ओळीत जवळजवळ प्रत्येक दारात एक-दोन कोंबड्या असायच्या, त्यामुळे तळ्याकाठी अक्कांच्या घरातले हे वातावरण मला फार ओळखीचे वाटले. आमच्याकडे बौद्ध परंपरा नाही, पण किसा गोतमीची गोष्ट शाळेत ऐकली होती : मेलेले मूल घेऊन ती औषध मागत फिरते, बुद्ध तिला ज्या घरात कोणी मेलेले नाही तिथून मोहरी आणायला सांगतात, आणि तिला तशी मोहरी कुठेच मिळत नाही.

लहानपणी मला वाटायचे की, सगळ्यांचेच कोणी ना कोणी मरते तेव्हा तूही गप्प बस, असे तिला सांगितले आहे. मोठेपणी लक्षात आले की, तिला एकाच जागी बसवून उपदेश केला नाही, घरोघर पाठवले. प्रत्येक दारात कोणीतरी तिला आपले दुःख सांगितले असेल आणि तिचे ऐकलेही असेल. हा धागा वाचताना मला तेच होताना दिसते आहे.

तुमच्या लेकीला तुम्ही काय सांगणार आहात? आमच्या वेळी कोंबडी 'गावाला गेली' असे सांगायचे, आणि मला खरे कळले ते फार वर्षांनी. त्या कोंबडीपेक्षा त्या खोटेपणाचे दुःख मला जास्त काळ राहिले.

---

धम्मवाचक

घरकुलची लेक यांनी काढलेला मुद्दा महत्त्वाचा आहे. अंगुत्तर निकायात स्त्री, पुरुष, गृहस्थ, प्रव्रजित अशा सर्वांनी वारंवार चिंतन करावे अशा पाच गोष्टी सांगितल्या आहेत. जरा, व्याधी आणि मरण या पहिल्या तीन. चौथी, मला प्रिय व आवडणाऱ्या सर्वांपासून माझा वियोग होणार आहे. पाचवी, मी माझ्या कर्माचा वारस आहे. चौथीवर थांबले तर माणूस हताश होईल. पाचवी तिच्या लगेच मागून येते आणि वियोग अटळ असला तरी त्या काळात मी काय केले हे माझे आहे, असे सांगते. मुलांना चौथी गोष्ट खरी सांगावी आणि पाचवीत त्यांना हातभार लावू द्यावा, असे माझे मत आहे.

---

तळ्याकाठी

सर्वांचे मनापासून आभार. काय ठरले ते लिहिते.

ठिपकी मावशीकडेच जाणार आहे. मावशीने दोन गोष्टी मान्य केल्या आहेत : तिला कापायचे नाही, पाहुणे आले तरी नाही, आणि पुढे सांभाळणे जमले नाही तर परस्पर कोणाला न देता आधी आम्हांला कळवायचे. मावशी तोंडावर हसली नाही आणि 'कोंबडीच तर आहे' असेही म्हणाली नाही, यानेच आईचा जीव निम्मा हलका झाला. काका या आठवड्यात जाळी बांधणार आहेत. माळरानींनी लिहिलेले सर्व मी त्यांना फोनवर वाचून दाखवले.

लेकीला आम्ही खरे सांगितले. ती रडली. मग तिने मला विचारले की, तिकडे ठिपकी आपल्याला विसरेल का. मी सांगितले की, मला वाटते ती नव्या कळपात गुंतेल आणि हळूहळू विसरेल, आणि तसे झाले तर तिथे तिचे बरे चालले आहे असे आपण समजू. हे सांगताना मला जड गेले, पण आपल्या आठवणीत तिने झुरावे अशी अपेक्षा ठेवणे ही माझी गरज आहे, तिचे हित नव्हे. अनित्यता मला पुस्तकापेक्षा या प्रश्नात जास्त कळली. आपल्यावरचे तिचे प्रेमही अनित्य आहे हे मान्य करायचे, आणि तरी तिच्यासाठी जाळी बांधून घ्यायची.

वंदनेविषयी आईने विचारले होते की, जिवंत प्राण्याला निरोप देताना 'अनिच्चा वत सङ्खारा' म्हणावे का, कारण ती गाथा आमच्याकडे मृत्यूनंतरच म्हटली जाते. आम्ही त्याऐवजी त्रिसरण-पंचशील आणि मेत्त सुत्त म्हणणार आहोत. कोणाला वेगळे वाटत असल्यास सांगावे.

माळरानी, एक शंका राहिली आहे. ठिपकीला लहानपणी मानमोडीची लस मिळाली होती की नाही, हे आम्हांला नक्की आठवत नाही. आता देऊन उपयोग होईल का?

---

माळरानी

होईल, आणि द्यावीच. मोठ्या कोंबडीलाही मानमोडीची लस देता येते, फक्त ती त्या वेळी निरोगी असायला हवी. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. लसीची कुपी बहुधा अनेक कोंबड्यांपुरती असते, तेव्हा मावशींच्या सगळ्या कोंबड्यांचे एकाच दिवशी करून घेतले तर वाया जाणार नाही. प्रवास आणि लस एकाच दिवशी नको. ठिपकी तिकडे पोहोचून नीट खाऊ-पिऊ लागली की मग द्यावी. लस थंड ठेवावी लागते, त्यामुळे आणताना बर्फाचा डबा न्या आणि तीही ऊन चढण्याआधीच आणा.